खाली केलेली गाडी कडक आणि उसळती का चालते: निदानाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाकणच्या कारखान्यात तयार झालेली फोक्सवॅगन पोलो २०१० ते २०२२ या काळात भारतात विकली गेली. ती आजही मोठ्या संख्येने रस्त्यावर आहे आणि लोअरिंग स्प्रिंग बसवून ती खाली करण्याची हौसही कायम आहे. पुढील उत्तरे हीच गाडी डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि तिचे हेलकावे शमवणारा शॉकअप एकाच उभ्या खांबात) आणि मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाके जोडणारी, पिळली जाणारी तुळई) ही तिची रचना स्विफ्ट, आय२० आणि होंडा सिटी यांतही असल्यामुळे निदानाची पद्धत त्या गाड्यांनाही लागू पडते. तक्रार घेऊन येणारे बहुतेक मालक स्प्रिंग फार कडक निघाल्या असे सांगतात. माझे स्पष्ट मत असे आहे की खरा दोष बहुधा चाकाला वर जाण्यासाठी उरलेल्या अपुऱ्या जागेत असतो, आणि म्हणून काहीही विकत घेण्यापूर्वी ती जागा मोजली पाहिजे.

गाडी कडक लागणे आणि गाडी उसळणे ही एकच तक्रार आहे का?

नाही, आणि या दोन तक्रारी वेगळ्या करता आल्या की निम्मे निदान होते. रस्त्यावरचा प्रत्येक सांधा, प्रत्येक ठिगळ थेट आसनापर्यंत पोहोचत असेल तर तो कडकपणा होय. गतिरोधक ओलांडल्यानंतरही बॉडी वरखाली होत राहत असेल तर ते उसळणे होय. मूळ अवस्थेतील अशा हॅचबॅकची बॉडी आपल्या स्प्रिंगवर सेकंदाला साधारण सव्वा ते दीड वेळा हलते, तर बॉडी आणि टायर यांच्यामध्ये अडकलेले चाक सेकंदाला दहा ते पंधरा वेळा थरथरते. फोनमधील कंपन नोंदवणारे कोणतेही ॲप सुरू करून फोन आसनाजवळ फरशीवर घट्ट चिकटवला, तर ही गती सहज वाचता येते.

गतिरोधकानंतर सेकंदाला दीड-दोन या गतीने दोन-तीन हेलकावे उरत असतील तर शॉकअपकडे पाहावे. हालचाल सेकंदाला तीनच्या आसपास, आखूड आणि ठेचकाळल्यासारखी असेल, तर गाडी स्प्रिंगवर चालत नसून बंप स्टॉपच्या, म्हणजे चाकाची वर जाणारी हालचाल शेवटी अडवणाऱ्या, रबरावर चालते आहे असा दाट संशय घ्यावा. थरथर दहाच्या पुढे असेल तर टायरमधील हवा, चाकाचे वजन किंवा चाकाला आवरू न शकणारा शॉकअप यांपैकी एक कारण असते.

माझी गाडी फक्त ४० मिमी खाली आहे. एवढ्याने खरोखर इतका फरक पडतो का?

पडतो, आणि तो वाटतो त्यापेक्षा कितीतरी अधिक असतो. समजा, गाडी चाकांवर उभी असताना चाकाला वर जाण्यासाठी मूळ रचनेत ८० मिमी जागा होती. गाडी ४० मिमी खाली आली की जागा निम्मी उरली. गतिरोधकावर चाक ज्या ऊर्जेने वर ढकलले जाते ती तेवढीच राहते, पण ती जिरवायला अंतर अर्धेच आहे. स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा दबण्याच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे तीच ऊर्जा निम्म्या अंतरात सामावून घ्यायची तर स्प्रिंग चौपट ताठ असावी लागेल. रस्त्यावर वापरायच्या लोअरिंग स्प्रिंग सहसा मूळ स्प्रिंगपेक्षा २० ते ४० टक्केच ताठ असतात. उरलेले सगळे काम बंप स्टॉपच्या वाट्याला येते, आणि तो दबला की कणभर अंतरात ताठरपणा अनेक पटींनी वाढतो. प्रवाशाला जो धक्का स्प्रिंगचा वाटतो, तो बहुतेक वेळा या रबराचा असतो.

येथे आणखी एक बाब विचारात घ्यावी लागते. लोअरिंग स्प्रिंगच्या खोक्यावर लिहिलेला आकडा बहुधा युरोपातील मूळ उंची धरून दिलेला असतो. भारतीय पोलो इथल्या रस्त्यांसाठी मुळातच उंच ठेवलेली होती, म्हणून ३० मिमीचा संच बसवूनही गाडी प्रत्यक्षात त्याहून जास्त खाली आलेली असू शकते. खोक्यावरील आकड्यावर विसंबू नये. चाकाच्या मध्यबिंदूपासून फेंडरच्या कमानीपर्यंतचे अंतर स्प्रिंग बदलण्यापूर्वी आणि नंतर चारही कोपऱ्यांवर मोजावे. जमिनीपासून मोजले तर टायरचा आकार आणि हवा मापात मिसळतात.

बंप स्टॉप लागतो आहे हे घरच्या घरी कसे ओळखावे?

एका केबल टायने ओळखता येते. शॉकअपचे धुळीचे आवरण वर सरकवून चकचकीत दांडीभोवती बारीक केबल टाय हलक्या हाताने आवळावा. तो बोटाने सरकला पाहिजे, पण आपल्या वजनाने घसरता कामा नये. त्याला शॉकअपच्या डब्याच्या तोंडाशी टेकवून ठेवावे आणि नेहमीच्या रस्त्यावरून, नेहमीच्या वेगाने, नेहमीचे प्रवासी घेऊन गाडी चालवावी. चाक जितके वर गेले असेल तितका टाय दांडीवर वर ढकललेला सापडतो आणि तिथेच राहतो. परतल्यावर टाय आणि बंप स्टॉपची खालची कड यांच्यामध्ये मोकळी दांडी दिसत असेल, तर त्या फेरीत रबराला स्पर्श झालेला नाही. टाय रबरात रुतलेला असेल तर किती रुतला आहे ते पाहावे. दांडी खाली आणि डबा वर अशा उलट्या रचनेच्या शॉकअपवर ही चाचणी करता येत नाही.

निकाल वाचताना थोडा विवेक हवा. आजचे बंप स्टॉप बारीक छिद्रांच्या पॉलियुरेथेनचे असतात आणि हळूहळू ताठ होत जाण्यासाठीच घडवलेले असतात, त्यामुळे मोठ्या खड्ड्यात त्यांना स्पर्श होणे हा दोष मानू नये. इंडियन रोड्स काँग्रेसच्या शिफारशीनुसार बांधलेला गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो आणि तो ताशी २५ किलोमीटरने ओलांडणे अपेक्षित असते. अशा गतिरोधकावर सावकाश जाऊनही टाय रबरात खोल रुतत असेल, किंवा गाडी नुसती उभी असतानाच रबर आणि डबा यांच्यात बोटभर जागा नसेल, तर शोध तिथेच संपला असे समजावे. गल्लीबोळांतील अरुंद आणि उंच गतिरोधकांवरून मात्र हा निर्णय करू नये, कारण तिथे मूळ उंचीची गाडीही रबरापर्यंत पोहोचते.

मग बंप स्टॉप काढून टाकला तर चालेल का?

कधीही काढू नये. तो नसेल तर शॉकअपचा आतील भाग डब्याच्या तळावर धातूवर धातू आदळतो, झडपा फुटतात, आणि धक्का थेट बॉडीच्या पत्र्यात जातो. स्प्रिंगच्या निर्मात्याने परवानगी दिली असेल तर सांगितलेल्या खाचेवर तो आखूड करता येतो, किंवा खाली केलेल्या गाडीसाठी बनवलेला आखूड आणि मऊ सुरुवातीचा बंप स्टॉप बसवता येतो. आखूड करताना टायर कमानीला घासत नाही ना, हे चाक पूर्ण वर नेऊन पाहावे, कारण बंप स्टॉप टायरलाही वाचवत असतो.

स्प्रिंग नव्या आणि शॉकअप मूळचेच, अशी जोडी का उसळते?

स्प्रिंग ताठ झाली की तिला शांत करायला शॉकअपही त्या प्रमाणात जड लागतो. एका पुढच्या कोपऱ्यावर ३०० किलो भार आणि चाकापाशी मिलिमीटरमागे २० न्यूटन ताठरपणा धरला, तर बॉडीची गती सेकंदाला १.३ येते. ताठरपणा ३० केला की ती १.६ होते. मूळ शॉकअपचे शमनगुणोत्तर, म्हणजे हेलकावे किती लवकर विरतात याचे माप, ०.३ असेल, तर त्याच शॉकअपवर नव्या स्प्रिंगचे ते सुमारे ०.२५ वर घसरते. हा फरक सहन होण्यासारखा आहे, म्हणून नवा मूळ शॉकअप आणि सौम्य स्प्रिंग ही जोडी पुष्कळांना समाधान देते.

अडचण जुन्या शॉकअपची असते. ज्याचे गुणोत्तर आधीच ०.१ पर्यंत खाली आले आहे, त्याच्यावर एका हेलकाव्यानंतर निम्म्याहून अधिक हेलकावा शिल्लक राहतो, तर ०.३ वर जेमतेम सातवा हिस्सा उरतो. मऊ मूळ स्प्रिंगवर हा म्हातारा शॉकअप खपून जात होता आणि नव्या स्प्रिंगने तो उघडा पडला. त्यातच खाली केलेल्या गाडीत शॉकअपचा पिस्टन डब्याच्या खालच्या भागात काम करू लागतो आणि वर्षानुवर्षे न वापरलेल्या पट्ट्यात दांडी जाऊ लागते, त्यामुळे तिथला गंज किंवा चिकटलेली माती ऑइल सील कापते. पन्नास-साठ हजार किलोमीटर चाललेल्या शॉकअपवर नव्या स्प्रिंग चढवण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही.

शॉकअप संपला आहे हे खात्रीने कसे कळते?

फेंडर दाबून सोडण्याची चाचणी फक्त पूर्ण मेलेला शॉकअप दाखवते. गाडी एका उसळीत थांबली म्हणून शॉकअप चांगला असे ठरत नाही, कारण हाताने दिलेली गती फार कमी असते आणि बुशांचे, म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यांतील रबरांचे, घर्षणही गाडीला थांबवते. डब्यावर तेलाचा पुसट थर असणे स्वाभाविक आहे, पण ओघळ दिसला तर तो बदलावा. सर्वांत बोलकी खूण टायरवर सापडते. परिघावर ठरावीक अंतराने झिजलेले खळगे हाताला लागत असतील, तर ते चाक रस्त्यावर नाचते आहे.

नवा दुहेरी नळीचा शॉकअप बसवण्यापूर्वी तो उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून ओढावा, कारण आडवा पडून राहिल्याने त्याच्या आतल्या तेलात हवा शिरलेली असते. ही साधी पायरी गाळल्यामुळे नवा शॉकअप सुरुवातीला पोकळ लागतो आणि मालक वस्तूला दोष देतो.

कापलेल्या स्प्रिंगबद्दल काय म्हणाल?

त्या काढून टाकाव्यात. सहा कार्यरत वेटोळ्यांपैकी एक कापले की स्प्रिंग २० टक्के ताठ होते, पण जागा कितीतरी जास्त कमी होते, आणि कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही. चाक लोंबकळताना स्प्रिंग सुटी होऊन सरकण्याचा धोकाही असतो. अशा गाडीवर पुढचे कोणतेही निदान करण्यात अर्थ नाही.

महागडे कॉइलओव्हर बसवले, क्लिक फिरवून पाहिले, तरी गाडी उसळतेच. असे का?

कॉइलओव्हर म्हणजे उंची बदलता येणारा स्प्रिंग आणि शॉकअपचा संच, आणि क्लिक म्हणजे त्याचे शमन कमीजास्त करणाऱ्या खटक्याचे टप्पे. पहिली शक्यता उंचीच्या समायोजनाची आहे. स्प्रिंगची बैठक खाली फिरवून उंची कमी करण्याच्या रचनेत प्रत्येक मिलिमीटरबरोबर शॉकअपची दबण्याची जागाही तेवढीच जाते. ज्या संचात शॉकअपची एकूण लांबी खालच्या कंसात फिरवून बदलता येते, तिथे ही जागा टिकते. अशा संचात स्प्रिंगला आधीच दिलेला ताण वाढवून गाडी ताठ करता येते हा समज चुकीचा आहे. सरळ, म्हणजे दबताना ताठरपणा सारखाच राहणाऱ्या, स्प्रिंगचा ताठरपणा ताणाने बदलत नाही, बदलते ती फक्त उंची आणि चाकाला खाली लोंबायला उरणारी जागा. ती फार कमी झाली तर खड्ड्याच्या कडेवर चाक रस्ता सोडते आणि पुन्हा आपटते.

दुसरी शक्यता क्लिक उलट दिशेने फिरवल्याची आहे, आणि ती फारच वारंवार आढळते. गाडी उसळते म्हणून मालक उसळीचे शमन, म्हणजे दबलेली स्प्रिंग उलगडताना तिला होणारा शॉकअपचा विरोध, वाढवत नेतो. चौकाआधी रस्त्यावर ओळीने रंगवलेल्या जाड पांढऱ्या पट्ट्यांवरून अशी गाडी नेली, तर प्रत्येक पट्टीवर स्प्रिंग दबते, पण पुढची पट्टी येईपर्यंत तिला उलगडायला वेळ मिळत नाही. गाडी पट्टीमागून पट्टी खाली बसत जाते आणि शेवटी बंप स्टॉपवर टेकते. पहिल्या दोन पट्ट्या मऊ आणि पुढच्या असह्य लागत असतील, तर उसळीचे शमन कमी करावे. समायोजन एका टोकापासून सुरू करून, एका वेळी दोनच क्लिक बदलून, त्याच रस्त्यावर पडताळावे आणि प्रत्येक बदल वहीत लिहावा.

टायरचा यात किती वाटा असतो?

तपासायला सर्वांत स्वस्त गोष्ट तीच असल्यामुळे सुरुवात तिथूनच व्हावी. १८५/६० आर१५ टायरची भिंत १११ मिमी उंच असते, तर त्याजागी चढवलेल्या २०५/४५ आर१७ ची ९२ मिमी. गाडी खाली करताना मालक बहुधा चाकेही मोठी करतात, म्हणजे एकाच दिवशी स्प्रिंगची जागा, रबराची उंची आणि चाकाचे वजन या तिन्ही बाबी बिघडतात, आणि दोष एकट्या स्प्रिंगला दिला जातो. जुनी चाके जपून ठेवली असतील तर ती परत लावून एक फेरी मारावी. इतकी निर्णायक चाचणी दुसरी नाही.

हवेचा दाब दाराच्या खांबावर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आत छापलेल्या आकड्याप्रमाणे, टायर थंड असताना भरावा. तापमानात दर १० अंशांच्या वाढीमागे दाब सुमारे दीड पीएसआयने चढतो, म्हणून दुपारी पंपावर पाहिलेला आकडा ग्राह्य धरू नये. टायर ही जवळजवळ शमन नसलेली स्प्रिंग आहे. तिच्यात गरजेपेक्षा जास्त हवा असेल तर कोणताही शॉकअप ती थरथर पूर्ण शोषू शकत नाही.

सगळे भाग नवे आहेत आणि बंप स्टॉपही लागत नाही, तरी लहान खडबडीतपणा जाणवतो. काय राहिले?

बुश राहिले, आणि याकडे फारच थोड्या गॅरेजांत लक्ष दिले जाते. लोअर आर्मच्या, म्हणजे चाकाला खालून बॉडीशी जोडणाऱ्या दांड्याच्या, बुशमध्ये रबर आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही नळ्यांना चिकटवलेले असते. आर्म हलतो तेव्हा बुश फिरत नाही, रबर पिळले जाते. काम करताना गाडी लिफ्टवर असते, चाके लोंबकळत असतात, आणि त्याच स्थितीत बोल्ट आवळले जातात. आर्मची लांबी ३५० मिमी आणि लोंबकळणे १०० मिमी धरले, तर गाडी चाकांवर उतरताच प्रत्येक बुश सुमारे १७ अंश पिळलेला असतो. तो पीळ पुढच्या प्रत्येक हालचालीला विरोध करत राहतो आणि लहान खड्ड्यांवर सस्पेन्शन हलतच नाही, सगळे काम टायरवर पडते. रबरही लवकर फाटते.

उपायाला खर्च जवळजवळ नाही. गाडी पिटवर किंवा चार खांबांच्या लिफ्टवर, म्हणजे चाकांवर भार असताना घ्यावी, लोअर आर्म आणि मागच्या बीमचे बोल्ट सैल करावेत, गाडी वरखाली हलवून स्थिर होऊ द्यावी, आणि टॉर्क रेंचने निर्मात्याने दिलेल्या मापाने पुन्हा आवळावेत. आर्म न उघडता फक्त स्ट्रटमधील स्प्रिंग बदलली असेल तरीही हे करावे, कारण बुशची विश्रांतीची स्थिती अजून जुन्या उंचीवरच असते. केवळ एवढ्याने गाडीचा स्वभाव पालटल्याचे मालक सांगतात तेव्हा मला त्याचे आश्चर्य वाटत नाही. याच वेळी स्ट्रटचे वरचे माउंट आणि बेअरिंगही पाहावे, आणि दोन्ही बाजूंची चाके जोडणारा अँटी-रोल बार तिरका होऊन त्याचा लिंक रॉड कशाला टेकत नाही ना, हेही पाहावे.

पुढे बसणाऱ्यांना चालते, पण मागे बसणारे कंटाळतात. असे का?

मागच्या धुरीवर भार फार बदलतो. एकट्या चालकासह योग्य वाटणारी मागची उंची तीन प्रवासी आणि सामान आले की संपते, म्हणून मागची केबल टाय चाचणी भरलेल्या गाडीवरच करावी.

पुढच्या आणि मागच्या स्प्रिंगचा मेळ हेही एक कारण असते. रोल्स-रॉइसमधून १९३० मध्ये जनरल मोटर्सकडे आलेल्या मॉरिस ऑली या अभियंत्याने दाखवून दिले की मागच्या स्प्रिंगची नैसर्गिक गती पुढच्यापेक्षा थोडी अधिक ठेवली तर उशिरा हललेली मागची बाजू पुढच्या बाजूला गाठते आणि गाडी सपाट चालते. अडीच मीटर अंतरावरील चाकांना ताशी ६० किलोमीटरला हा उशीर सेकंदाच्या सुमारे सातव्या भागाइतका असतो. केवळ पुढच्या स्प्रिंग बदलल्या, किंवा दोन वेगळ्या संचांतील जोड्या एकत्र केल्या, तर हा मेळ मोडतो आणि गाडी घोड्यासारखी मागेपुढे डुलते. अशा डुलण्यावर शॉकअपचे क्लिक हा इलाज नव्हे.

व्हील अलाइनमेंट केल्याने राइड सुधारेल का?

थेट सुधारणार नाही, पण ते करणे अटळ आहे, कारण खाली आलेल्या गाडीचे टो (चाके आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) आणि कॅम्बर (चाकाचा उभा कल) दोन्ही बदलतात. स्प्रिंग काही दिवस बसू द्याव्यात आणि मग अलाइनमेंट करावे. लोअर आर्म बॉल जॉइंटकडे, म्हणजे चाकाकडील सांध्याकडे, वर चढलेला दिसत असेल तर ती गंभीर खूण आहे. त्या कोनात गाडीचे रोल सेंटर, म्हणजे वळणावर बॉडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू, बॉडीपेक्षा जास्त वेगाने खाली गेलेले असते, वळणावर गाडी उलट अधिक कलते आणि बाहेरची बाजू बंप स्टॉपवर जाते.

तपासणी कोणत्या क्रमाने करावी?

आधी थंड टायरमधील हवा, मग शक्य असल्यास जुनी चाके, त्यानंतर चार कोपऱ्यांची मापे आणि केबल टाय. इथपर्यंत जवळपास काहीच खर्च होत नाही आणि बहुतेक गाड्यांचे उत्तर इथेच मिळते. त्यापुढे बुश सैल करून आवळणे, माउंट आणि लिंक रॉड पाहणे, आणि मगच शॉकअपला हात घालणे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक वेळी तोच रस्ता, तोच वेग आणि तेवढेच प्रवासी ठेवावेत.

कोणत्या परिस्थितीत मूळ उंचीवर परत जावे?

भरलेली गाडी उभी असतानाच मागचा बंप स्टॉप टेकत असेल, आणि आखूड बंप स्टॉप व जुळणारे आखूड शॉकअप बसवूनही साध्या गतिरोधकावर टाय रबरात खोल जात असेल, तर त्या उंचीवर त्या गाडीला चांगले चालवणारा कोणताही भाग बाजारात नाही. तेव्हा कमी खाली बसणारा, १५ ते २५ मिमीचा संच शोधावा किंवा मूळ स्प्रिंग परत बसवाव्यात. परत बसवताना बंप स्टॉप आणि धुळीची आवरणे नवी घ्यावीत, कारण रोज चिरडला गेलेला बंप स्टॉप मूळ उंचीवरही आपले काम करत नाही. बुशांचे बोल्ट पुन्हा चाकांवर भार असतानाच आवळावेत आणि अलाइनमेंट नव्याने करून घ्यावे.